बीटलचं मागचं चाक वळणावर आत दुमडतंय, आयआरएस (मागचं स्वतंत्र सस्पेन्शन) बसवू का?

बीटल_६६
गाडी १९६६ ची फोक्सवॅगन बीटल, स्विंग अ‍ॅक्सल (अ‍ॅक्सल गिअरबॉक्सपाशी वर-खाली झुलतो, चाकाचा कलही त्याच्याबरोबर बदलतो). रविवारी पन्हाळ्यावरून उतरताना वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर मागची बाजू उचलली आणि बाहेरचं चाक आत दुमडलं. पुढच्या वेळी एसटीनं येणार, असं बायकोनं तिथंच जाहीर केलं. नंतरच्या मॉडेलचे आयआरएसचे ट्रेलिंग आर्म (चाक धरणारे दांडे) मिळतायत. उद्यमनगरात वेल्डिंग करून बसवले तर?

लेथवाला_काका
नुसत्या आर्मनं काय होतंय भावा? तुझ्या अ‍ॅक्सलच्या नळ्या गिअरबॉक्सलाच बोल्ट केलेल्या असतात. आयआरएसला फ्लँजवाला गिअरबॉक्स, सीव्ही जॉइंटचे (कोनातही फिरणाऱ्या सांध्यांचे) शाफ्ट, वेगळे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया), त्यांना चाकाशी जोडणाऱ्या वेगळ्या स्प्रिंग प्लेट, सगळंच लागतं. आर्मचे ब्रॅकेट चेसिसला वेल्ड करायचे, तेही जिगवर (माप पक्कं धरणाऱ्या साच्यावर). दोन मिलीमीटर इकडंतिकडं झालं की गाडी आयुष्यभर तिरकी पळणार.
आधी एक सांग. गाडी सपाट जागेवर उभी कर, मागनं बघ. चाकं वरच्या बाजूला बाहेर फाकलेली दिसतात का?

रंकाळा_फेरी
कागदांचंही बघा. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चेसिसमध्ये बदल केलेला चालत नाही. ब्रॅकेट वेल्ड केले की ती वाट बंद.

बीटल_६६
काका, फाकलीत की! आधीच्या मालकानं स्पीडब्रेकरला पोट घासतंय म्हणून मागनं उंच करून घेतलेली.

लेथवाला_काका
मग तिथंच घोडं पेंड खातंय. स्विंग अ‍ॅक्सल जेवढी उंच, तेवढं चाक आत दुमडायला मोकळं. उंची मूळ मापावर आण. ती टॉर्शन बार दात्यांवर फिरवून जुळवतात. बारला आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता म्हणजे ९ अंश, बाहेरचा सव्वाआठला थोडा कमी. एक इकडं, एक उलटा फिरवलास की पाऊण अंशाच्या आसपास फरक पडतो, त्यामुळं बारीक जुळवता येतं. वर कॅम्बर कॉम्पेन्सेटरची पट्टी टाक, ती चाक आत दुमडू देत नाही. फोक्सवॅगननं स्वतः १९६७ च्या गाड्यांना मागं झेड-बार (चाक दुमडणं कमी करणारी सळई) दिला, तो काय हौस म्हणून नव्हे. आणि वळणात पाय अचानक सोडायचा नाही, वेग वळणाआधीच उतरवायचा.
स्प्रिंग प्लेट घरी काढू नकोस, ती दाबात असते. जॅक आणि साखळी न लावता टेकायच्या ओठावरून (कडेवरून) सुटली की हात जातो. माझ्या मनगटावर अजून खूण आहे.

बीटल_६६
शनिवारी गाडी घेऊन येतो. आर्मवाल्याला नको म्हणून कळवलं.