मदत हवी आहे: टाटा हवाई टपालाची एक फ्रेम कुठे संपवावी?

टपाल-संग्रहाच्या प्रदर्शन-स्पर्धेत पहिल्यांदाच उतरतोय. विषय: 15 ऑक्टोबर 1932 ला सुरू झालेली कराची–मुंबई–मद्रास हवाई टपालसेवा. एक फ्रेम (प्रदर्शनाची एक चौकट), म्हणजे ए-4 ची 16 पानं, एअरोफिलाटेली (हवाई टपालाचा संग्रह) वर्ग. शीर्षकपान आणि आराखडा तयार आहे. पाकिटं आम्लरहित कागदावर कोपऱ्यांनी बसवलीत. मागचे पोहोच-शिक्के 25 टक्के लहान छायाप्रतीत दाखवलेत.

अडचण मांडणीची. पहिल्या उड्डाणाची संग्राहकांनी मुद्दाम पाठवलेली पाकिटं भरपूर आहेत, खरी व्यापारी टपालं मोजकीच. दर आणि मार्ग उलगडतात ते या व्यापारी पाकिटांतूनच, म्हणून ती मला जास्त मोलाची वाटतात. नवी खरेदी आता शक्य नाही.

1938 मध्ये एम्पायर एअर मेल योजना (ब्रिटिश साम्राज्यातली पत्रं जादा हवाई आकाराशिवाय विमानाने नेण्याची योजना) भारतापर्यंत आली, तिथे थांबावं, की फक्त 1932–33 घेऊन दर-मार्ग खोलात मांडावेत? ‘मांडणी’च्या (ट्रीटमेंट, म्हणजे विषय कसा उलगडला त्याच्या; सजावटीच्या नव्हे) 20 गुणांत परीक्षक कशाला झुकतं माप देतात?