उपकेंद्राचं 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं, पण बदललं काय?

रानवाट:
आमच्या गावच्या उपकेंद्राला नवा रंग दिलाय, दारावर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' बोर्ड, भिंतीवर योगासनांची चित्रं. आईला शुगर बीपी दोन्ही, गोळ्यांसाठी अजून तालुक्यालाच न्यावं लागतं, एसटीत अख्खा दिवस जातो. इथे नक्की काय मिळायला पाहिजे, की नुसती रंगरंगोटी?

सिस्टरताई:
दादा आधी उपकेंद्र म्हणजे लसीकरण आणि गरोदर बायका, मुख्य काम तेवढंच. २०१८ ला आयुष्मान भारत आलं, त्यात ३० च्या वरच्या सगळ्यांची शुगर बीपी तपासणी आणि कॅन्सरची तपासणी पण आली. आशाताईंकडून आईचा सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका बघायची प्रश्नावली) भरून घ्या. मग सीएचओ, म्हणजे उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी, ई-संजीवनीवरून (सरकारी ऑनलाइन सल्ला) डॉक्टरांशी बोलणं करून देतात आणि गोळ्या तिथेच मिळायला पाहिजेत, फुकट.

कट्टेकरी:
पाहिजेत, हो! २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय, आरोग्यावर सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा जास्त प्राथमिक सेवेवर. २०२५ आलं नि गेलं, अडीच टक्के काही झाले नाहीत. लोकांना ठाऊक काय, तर ५ लाखांचं कार्ड, आणि ते चालतं अ‍ॅडमिट झाल्यावर. बीपीच्या गोळीचं कोण उद्घाटन करणार सांगा

खेड्यातला_बीएएमएस:
मी सीएचओच आहे, कंत्राटी. उपकेंद्राच्या यादीत शंभरावर औषधं आहेत पण मागणी पाठवली की येतात त्यातली थोडी, मध्ये बीपीची अम्लोडिपिन संपली होती, पेशंटला म्हटलं आठ दिवसांनी या, तो कशाला येतोय परत, रोजगार बुडवून एकदा आला होता तेच खूप. रेंज नसली की पेशंटला घेऊन गच्चीवर जातो ई-संजीवनी लावायला, गुडघे दुखणाऱ्या आजीला जिना चढवायचा म्हणजे बघा. वर इन्सेंटिव्ह कामाच्या आकड्यांवर, मग संध्याकाळ सगळी अ‍ॅप भरण्यात.
रानवाट, एक करा. प्रत्येक केंद्राला जन आरोग्य समिती असते, उपकेंद्राच्या समितीचा अध्यक्ष सरपंच आणि सचिव सीएचओ. शेवटची मीटिंग कधी झाली ते विचारा, आणि कुठली गोळी किती दिवस नव्हती हे इतिवृत्तात लिहून घ्या. आमच्या तोंडी तक्रारीला वर कोणी विचारत नाही, समितीचा ठराव असला की निदान फाईल हलते.

रानवाट:
सरपंच माझे चुलतेच आहेत 😄 आपण अध्यक्ष आहोत हे त्यांना माहीत आहे का, आधी तेच विचारतो.