पर्लकोटा नदीला पूर आला की फायबरचं काय?

"उपग्रहाच्या नेटवर बोललेलं उशिरा पोचतं, त्यापेक्षा भारतनेटची फायबर येऊ द्या," असं एकाने म्हटलंय. भारतनेट म्हणजे गावोगावी फायबर केबलने इंटरनेट नेण्याची सरकारी योजना. हा उशीर जुन्या भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांचा. ते ३५,७८६ किमीवर असतात, म्हणून उत्तर यायला अर्धा सेकंद सहज जातो. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीचे उपग्रह साधारण ५५० किमीवर फिरतात, तिथे हा त्रास फारसा जाणवत नाही. मात्र इतक्या खालचा उपग्रह काही मिनिटांतच आपल्या आकाशातून निघून जातो आणि पुढच्याला जोडणी उचलावी लागते. हजारोंचा ताफा लागतो तो त्यामुळेच.

फायबर हवीच. पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद होतो. तेव्हा तुटलेली केबल जोडायला माणूस पोचणार कसा? राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये उपग्रहाच्या नेटसाठी स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सह्या केल्या, त्यात गडचिरोली आणि वाशिम आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

माझी खरी काळजी जमिनीवरची आहे. उपग्रहाचं नेट पकडणाऱ्या डिशला मोकळं आकाश लागतं. साग-मोहाच्या दाट झाडीत जोडणी सारखी तुटेल. वीज गेली तर डिशही बंद. आणि घरोघरी हा खर्च आपल्या शेतकऱ्याला झेपणारा नाही. म्हणून पहिली डिश आरोग्य उपकेंद्राच्या आणि जिल्हा परिषद शाळेच्या छतावर, सोलर आणि बॅटरीसकट बसवा. अडलेल्या बाळंतिणीला हलवायचं की नाही, हे नर्सताईंना भर पावसातही डॉक्टरांना विचारता आलं पाहिजे.