छातीत गाठ, दम, टी-सेल ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) संशय: नागपूरला पाठवण्याआधी डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टेरॉइड) द्यावं का?

तालुका_जीपी: वय १९. पंधरा दिवस कोरडा खोकला, नेब्युलायझरने फरक शून्य. सकाळी चेहरा सुजलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या. एक्स-रेत मेडियास्टिनम (दोन फुफ्फुसांमधला भाग) रुंद, पांढऱ्या पेशी ९० हजार. नागपूर दोन तासांवर. डेक्साचं एक इंजेक्शन देऊन पाठवू का?

रक्तविकार_नागपूर: श्वास घेताना घरघर नसेल तर नको. या पेशी स्टेरॉइडने भराभर फुटतात, एका डोसनेही ट्यूमर लायसिस (फुटलेल्या पेशींतलं पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक अ‍ॅसिड रक्तात उतरून किडनी आणि हृदय धोक्यात येणं) सुरू होऊ शकतं. शिवाय निदानाचा नमुना बिघडतो. जीव गुदमरायला आला असेल तर आधी इकडे फोन करा, मग द्या आणि चिठ्ठीवर डोस, वेळ लिहा.
त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला आडवं करू नका. गाठ श्वासनलिकेच्या पुढे असते, उताणं झोपवलं की ती नळीवरच बसते. सीटीच्या हट्टापायी झोपेचं इंजेक्शन तर मुळीच नको. स्नायू सैल पडले की नळी दबते आणि अडथळा खाली असल्याने ट्यूब टाकूनही हवा जाईलच असं नाही. बसवून, ऑक्सिजन लावून पाठवा. सुई पायाला लावा, हाताची शीर वर तुंबलेलीच असते. रक्तात ब्लास्ट (कच्च्या कर्कपेशी) असतील तर फ्लो सायटोमेट्रीवरच (पेशींचा प्रकार ओळखणारी रक्ततपासणी) निदान होतं, बायोप्सी लागत नाही.

आयसीयू_रात्रपाळी: आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) लावू नका, त्यात पोटॅशियम असतं. इथे आल्यावर सलाइन साधारण ३ लिटर प्रति चौरस मीटर (शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने) रोज, लघवीवर नजर ठेवून. दर ६ तासांनी पोटॅशियम, फॉस्फेट, कॅल्शियम, युरिक अ‍ॅसिड, क्रिएटिनिन. अ‍ॅलोप्युरिनॉल नवं युरिक अ‍ॅसिड थांबवतं, साचलेलं काढत नाही. साचलेलं रासब्युरिकेज हे औषध काढतं. पण ते देण्याआधी जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) बघा, कमी असेल तर तांबड्या पेशी फुटतात. त्याचा नमुना रक्त चढवण्याआधीच घ्या. कॅल्शियम नुसतं कमी दिसलं म्हणून देऊ नका. फॉस्फेटशी मिळून ते किडनीत साचतं. झटके किंवा ईसीजीत बदल असेल तरच. आणि नातेवाइकांना सांगा, शहाळं आणि संत्र्याचा रस बंद, त्यातही पोटॅशियम असतं. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच आणतो!

तालुका_जीपी: आरएल लावणारच होतो. एनएस (साधं मिठाचं सलाइन) लावतो, पायाला.

लॅब_तंत्रज्ञ: रासब्युरिकेजनंतरचा युरिक अ‍ॅसिडचा नमुना आधीच थंड केलेल्या हेपॅरिन ट्यूबमध्ये, बर्फात, ४ तासांच्या आत तपासायचा. नाहीतर औषध ट्यूबमध्येही काम करत राहतं आणि आकडा खोटा कमी येतो. मे महिन्याच्या उकाड्यात वॉर्ड ते लॅब एवढ्या वाटेतही. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर असतील तर उलटी गंमत: हलवाहलवीत पेशी ट्यूबमध्येच फुटून पोटॅशियम खोटं वाढतं. ईसीजी ठीक असेल तर एबीजीच्या (धमनीतल्या रक्ताच्या वायू-तपासणीच्या) सिरिंजवर लगेच पडताळा.