टिनमधला वाटाणा की ज्वारीच्या कण्या?

कृष्णाकाठची, सांगली
परवा रात्री जेवताना घरात जुंपली. भाऊ सध्या जिमला जातोय. त्यानं टिनमधला वाटाणा आणला आणि आईनं वाढलेली कण्यांची वाटी बाजूला सारली. म्हणाला, "ह्यात नुसता स्टार्च आहे. वाटाण्यात प्रथिनं बघ." आई म्हणाली, "तुझा आजा कण्या-ताकावर दिवसभर औत धरायचा." माझं मत आईकडं. टिनातलं ते गिळगिळीत हिरवं काही मला भाजी वाटत नाही. तुमचं काय?

बारबेल
भावाचं बरोबर आहे. टिनमधला वाटाणा निथळून १०० ग्रॅम घेतला तर ७० कॅलरीच्या आतबाहेर, प्रथिनं साधारण ४.४ ग्रॅम, तंतू ४ ग्रॅम. आजा औत धरायचा, आपण खुर्ची धरतो.

माणदेशी, दहिवडी
थांबा जरा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा तक्ता काढून बघा. ज्वारीत १०० ग्रॅमला १० ग्रॅम प्रथिनं आणि तंतूही १० ग्रॅमच. साडेचार मोठे का दहा? आमच्याकडची शाळू खाल्ली नसेल म्हणून असं बोलताय.

बारबेल
अहो, तो आकडा कोरड्या ज्वारीचा. कोरडी ज्वारी कोंबड्या खातात. कण्यांत पाणी किती ओतता ते सांगा.

कृष्णाकाठची
आज मुद्दाम काटा काढून बसले. १०० ग्रॅम कण्या, दोन शिट्ट्या, मग मंद आचेवर घोटल्या. शिजून भरल्या ३८० ग्रॅम! म्हणजे शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये प्रथिनं अडीच ग्रॅमच्या थोडी वर, कॅलरी नव्वदीच्या आसपास. इथं मी हरले.
पण टिनसुद्धा उघडला. वर लिहिलंय ४०० ग्रॅम, चाळणीत निथळला तर २३५. उरलेलं मिठाचं पाणी. आपण पैसे पाण्याचेही देतो.

माणदेशी
आणि मिठाचं काय? असल्या वाटाण्यात १०० ग्रॅमला अडीचशे मिलिग्रॅमच्या घरात सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २,००० च्या आत राहा म्हणते. एक टिन संपवला की चौथाईच्या वर तिथंच गेलं. कण्यांत आपण घालू तेवढंच मीठ.

बारबेल
आणि कण्यांबरोबर खर्डा, लोणचं, ताकात परत मीठ, ते कोण मोजणार? वाटाणा नळाखाली धुतला की बरंच मीठ निघून जातं.

हॉस्टेलवाला, मिरज
आमच्या खोलीवर गॅस नाही. टिन उघडायचा, धुवायचा, कांदा-लिंबू पिळून खायचं. कण्या घोटायला आई कुठून आणू? मेसच्या आमटीत डाळ शोधावी लागते, त्यापेक्षा हे बरं.

कृष्णाकाठची
तुझं पटलं. फक्त लेबल वाच बाबा. "प्रोसेस्ड" लिहिलं असेल तर बहुतेक वेळा वाळका वाटाणा भिजवून, वर रंग घालून भरलेला असतो. प्रथिनं मिळतील, पण हिवाळ्यातल्या ओल्या शेंगेतलं क जीवनसत्त्व त्यात शोधू नको. ते वाळवताना आणि उकळताना जातं.
दुसरं म्हणजे, ज्वारीत लायसिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी असतं आणि वाटाण्यात भरपूर. भावानं वाटी सारली नसती, कण्यांवरच वाटाणा ओतला असता तर दोन्हीचं भागलं असतं. आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "कण्यांवर वाटाणा? शी!"

माणदेशी
आई बरोबर आहेत. कडधान्यच हवं तर आमचा हुलगा काय वाईट? टिन नको, रंग नको. हुलग्याचं माडगं प्या. १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रथिनं!

बारबेल
परत कोरडं वजन धरलंत तुम्ही.