ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) "सर्वांचं स्वागत" म्हणजे नेमकं कोणाचं, आणि कुठपर्यंत?

सीनाकाठ
आमचं घराणं नगरचं, अमेरिकन मराठी मिशनचं. १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन बोर्डाचे मिशनरी, १८४२ पासूनचं 'ज्ञानोदय' नियतकालिक, रेव्हरंड टिळक, हा वारसा आपण दर वर्धापनदिनाला कौतुकाने उगाळतो. पण ज्या काँग्रिगेशनल चर्चने ते मिशन धाडलं, ते पुढे कुठे गेलं याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. १९५७ साली ते 'युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट'मध्ये (यूसीसी) सामील झालं. त्याच चर्चने १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम जॉन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या तरुणाला पाळकपदाची दीक्षा दिली. १९८५ च्या महासभेत ठराव झाला, की स्थानिक मंडळ्यांनी स्वतःला 'ओपन अँड अफर्मिंग' जाहीर करावं: समलिंगी, उभयलिंगी माणसांना (पुढे पारलिंगी माणसांनाही) पूर्ण सभासद म्हणून घ्यायचं. सक्ती नाही. प्रत्येक मंडळी आपला अभ्यास करते, भांडते, मग मतदान करते.

नोकरीपायी मी सध्या न्यू जर्सीत आहे आणि अशाच एका मंडळीत जातो. दारात उपासनापत्रिका वाटणारे सत्तरीचे गृहस्थ आहेत, त्यांचा नवरा कॉयरमध्ये खालच्या पट्टीत गातो. प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या की हे उभे राहून सांगतात, "मंगळवारी त्याची अँजिओप्लास्टी आहे." लगेच मागच्या बाई मुलीच्या परीक्षेचं सांगतात. कोणी मान वळवून बघत नाही.

माझं म्हणणं एवढंच. "प्रभूच्या घरी सर्वांचं स्वागत" ही पाटी आपल्याकडे प्रत्येक फाटकावर असते. ती वाचून आत आलेल्या समलिंगी मुलाला प्रभूभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी, कम्युनिअन) मिळणार का? कॉयरमध्ये घेणार? संडे स्कूलचा वर्ग देणार? मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीला उभा राहिला तर अर्ज स्वीकारणार? मेल्यावर दफनभूमीत त्याच्या जोडीदाराला पुढची खुर्ची देणार, की "मित्र" म्हणून मागे उभं करणार? लग्नाचं सोडा, सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला ते दार तूर्त लावून टाकलंय. बाकीच्या यातल्या बहुतेक गोष्टींना ना कोर्ट लागतं, ना नवा कायदा. मंडळीने ठरवायचं आणि कागदावर लिहायचं. लिहिलेलं नसेल तर पाटी रंगवायचा खर्च वाचवावा.

जुना_करार
सीनाकाठ, वारशाचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. त्याच १८१३ च्या मिशनऱ्यांतले गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिकजवळ कॉलऱ्याने गेले, ते पश्चात्तापाची सुवार्ता सांगत फिरताना. ते चर्च आज जे सांगतं त्यासाठी नव्हे.

जुन्या करारातलं लेवीयाचं पुस्तक मी बाजूला ठेवतो, नाहीतर तिथे कोळंबीलाही मनाई आहे म्हणत लगेच कोणीतरी कोळंबी आणेल. पौलाची पत्रं घ्या: रोमकरांस पहिला अध्याय, २६-२७ वाचा, तिथे समलिंगी संबंधांना दोष दिलाय. १ करिंथ ६:९ वाचा, आणि कृपा करून तिथेच थांबू नका, ११ वं वचनही वाचा: तुमच्यापैकी कित्येक तसे होते. "होते". मंडळी पाप्यांनीच भरलेली आहे, मी त्यातलाच. प्रभूने त्या व्यभिचारी स्त्रीला दगडांपासून वाचवलं, आणि मग "ह्यापुढे पाप करू नकोस" असंही सांगितलं. तुम्हाला पहिलं वाक्य हवंय, दुसरं नको.

आणि झाडाची पारख फळावरून. साठच्या दशकात यूसीसीचे सभासद २० लाखांच्या आसपास होते, आज ८ लाखांच्या आत आहेत. २००५ मध्ये समलिंगी विवाहाला पाठिंब्याचा ठराव केला, दुसऱ्याच वर्षी प्वेर्तो रिकोचं अख्खं चर्च बाहेर पडलं. हा कित्ता आम्ही गिरवायचा?

वसईची_वाट
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे मतदान वगैरे भानगड नाही, वरून, म्हणजे रोमहून, पत्र येतं. तर पत्रांचीच गोष्ट सांगते.

मार्च २०२१: समलिंगी जोडप्याला आशीर्वाद देता येणार नाही, देव पापाला आशीर्वाद देत नाही. १८ डिसेंबर २०२३: देता येईल, पण विधी नको, लग्नासारखे कपडे नकोत, लग्नाचा भास होता कामा नये. आफ्रिकेतून कार्डिनल अँबोंगो यांनी तिथल्या बिशपांच्या वतीने "आमच्याकडे नाही" कळवलं. मधल्या काळात रोमने खुलासा केला, की हा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा. दोन्ही पत्रं पोप फ्रान्सिस यांच्याच संमतीने निघालेली.

पण एक पत्र इथे कोणी वाचलेलं दिसत नाही. ३१ ऑक्टोबर २०२३, ब्राझीलच्या एका बिशपांच्या प्रश्नांना उत्तर. पारलिंगी माणसाचा बाप्तिस्मा होऊ शकतो, लोकांत गोंधळ माजणार नसेल तर. काही अटींवर ती व्यक्ती गॉडफादर-गॉडमदर होऊ शकते. लग्नाला साक्षीदार राहायला तर काहीच हरकत नाही. सीनाकाठना जी यादी हवी आहे तिचा एक तुकडा खुद्द रोमने लिहून दिलाय. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मिस्सानंतर किती वेळा वाचला? एकदाही नाही. कागद आहे, वाचायला घसा नाही. त्यामुळे "लिहिलं की झालं" यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

बेरकी_बाय
दहा सेकंद! आमचे फादर नव्या रिक्षाला पाच मिनिटं देतात, टायरवर पवित्र पाणी वेगळं.

पाळकाचा_धाकटा
मी विरोधात नाही, पण वेळ-काळ बघा. गावोगाव घरातल्या प्रार्थनासभेत लोक घुसून "धर्मांतर चालू आहे" म्हणून पोलिसांना बोलावतात. अशात आपण नवा विषय काढायचा? हक्काची दोन माणसं येतील, शंभर जातील, वर बाहेरच्यांना आयतं कोलीत. शिवाय आपल्या मंडळ्या म्हणजे नातेवाइकांचं जाळं. अमेरिकेत मंडळी आवडली नाही तर लोक गाडी काढून दुसरीकडे जातात. इथे कुठे जातील? त्याच बाकावर सासरा, त्याच बाकावर व्याही.

कीबोर्डवाला
इथे कुठे जातील, याचं उत्तर मी देतो. कुठेच नाही. घरी बसतात.

मी मंडळीत कीबोर्ड वाजवायचो, कॉन्फर्मेशन झालं तेव्हापासून. २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत असा कलम ३७७ चा निकाल लागला, त्या हिवाळ्यात पाळकसाहेबांना सांगितलं. माणूस वाईट नाही. चहा दिला, खांद्यावर हात ठेवला, उपास-प्रार्थना करू म्हणाले, आणि "हे आपल्या दोघांतच राहू दे". मला कोणी काढलं नाही. फक्त सरावाची वेळ बदलली की कळेनाशी झाली. ग्रुपवर विचारलं तर, "अरे, तुला मेसेज आला नाही?" नाताळच्या गीतांना दुसराच मुलगा वाजवत होता, मी मागून तिसऱ्या बाकावर. त्यालाही बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, उपासना झाल्यावर येऊन विचारतो, "दादा, त्या गाण्याची स्केल काय धरायची?" सांगितली.

म्हणून वसईच्या ताई, तुमचं पटतं तरी मला कागद हवाय. कागद असता तर निदान विचारता आलं असतं, की कोणत्या नियमाने. आता विचारलं तर सगळे म्हणणार, तुला कोणी काय म्हटलं का?

आणि धाकटे, चर्च या विषयात गप्प बसलंय हे खरं नाही. ३७७ टिकवा म्हणून अपोस्टॉलिक चर्चेसची संघटना आणि उत्कल ख्रिश्चनवाले कोर्टात गेले होतेच की. तेव्हा वेळ-काळ आड आला नाही. उलट २०१३ मध्ये कोर्टाने कलम परत आणलं तेव्हा मुंबईचे कार्डिनल ग्रेशस यांनी उघड सांगितलं, की समलिंगी माणसांना चर्च गुन्हेगार मानत नाही. आभाळ कोसळलं नाही.

जुना_करार
कीबोर्डवाला, तुमच्याशी झालं ते चूकच. पाठीमागून काटा काढणं ही ख्रिस्ती शिस्त नव्हे, मत्तय १८ मध्ये पद्धत दिली आहे: आधी एकट्याने, मग दोघा-तिघांसमोर, मग मंडळीसमोर. भेकडपणाला मी पवित्रपणा म्हणणार नाही. पण पाळकसाहेबांनी सरळ तोंडावर "वाजवू नकोस" सांगितलं असतं, तर तुम्ही इथे वेगळं लिहिलं असतं का?

कीबोर्डवाला
वाईट वाटलंच असतं. पण दुसरीकडे वाजवायला तेव्हाच गेलो असतो. वर्षं वाचली असती.

नागपुरी_संत्रं
धाकटे, "हे अमेरिकेचं खूळ" असा सूर लागलाय म्हणून. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचं कार्यालय इथे आमच्या नागपुरात सिव्हिल लाइन्सला आहे. त्यांचा 'एशा' नावाचा उपक्रम लैंगिकता आणि एचआयव्ही याच विषयावर पाळकांची शिबिरं घेतो, पुस्तकं काढतो. तुमच्या-आमच्या मंडळीपर्यंत ती पोचत नाहीत हा निराळा विषय. सभासद चर्चेस कौन्सिलची वर्गणी भरतात, पुस्तकं कपाटात ठेवतात.

जुना_करार साहेबांच्या आकड्यांबद्दल: अमेरिकेतले सदर्न बॅप्टिस्ट तर तुमच्याच मताचे. २००६ मध्ये १ कोटी ६३ लाख होते, आता १ कोटी ३० लाखांच्याही खाली. फळावरून पारखायचं तर दोन्ही झाडं तोडा.

पौलाबद्दलही विचारते. १ तीमथ्य २:१२ मध्ये बाईने शिकवू नये असं स्पष्ट आहे. तरी २०१३ मध्ये आंध्रातल्या नंद्यालला चर्च ऑफ साउथ इंडियाने पुष्पललिता यांना बिशप केलं. तिथे वाट सापडली ना?

जुना_करार
आकड्यांचा मुद्दा मान्य, सोडून देतो.

बायकांचा नाही. बायकांच्या सेवेला शास्त्रातच दुजोरा आहे. रोमकरांस १६ मध्ये फिबी आहे, प्रिस्किल्ला आहे, जुन्या करारात दबोरा न्यायाधीश आहे. एक वचन आवळतं, चार सैल करतात. समलिंगी संबंधाला सैल करणारं एक वचन दाखवा. बंधन घालणारीच मिळतील, दोन्ही करारांत. गुलामगिरी, स्त्रिया आणि हा विषय एकाच दाव्याला बांधू नका.

सीनाकाठ
संबंधांबद्दल थेट वचन नाही, खरं आहे. पण प्रवेशाबद्दल आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' पुस्तकातलं २३:१ खच्ची केलेल्याला परमेश्वराच्या मंडळीत येऊ देत नाही. यशया ५६ त्याच माणसाला देवाच्या घरात मुलांपेक्षा मोठं नाव देतो. आणि प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये तो कूशी (इथिओपियाचा) षंढ अधिकारी रथातून विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण? फिलिप्पाकडे अनुवादातली अडचण होती. त्याने ती पुढे केली नाही; रथ थांबला आणि त्याने बाप्तिस्मा दिला. शास्त्राने स्वतःच घातलेलं कुंपण शास्त्रातच उघडलेलं आहे.

जुना_करार
तृतीयपंथी माणसाच्या बाप्तिस्म्याला माझा विरोध कधीच नव्हता. तो षंढ काही करत नव्हता, त्याच्यावर केलं गेलं होतं. देहाची अवस्था आणि आचरण वेगळं. तुमच्या यादीबद्दल सरळ उत्तर देतो, मागे लपत नाही. उपासनेला यावं. दफन सन्मानाने, जोडीदाराला पुढे बसवा, त्यात माझं काय जातं? प्रभूभोजन, संडे स्कूल, कमिटी: नाही. जो त्या जीवनात उघडपणे राहतो त्याला पुढारपण नाही.

वसईची_वाट
नियम सगळ्यांना सारखा ना? मत्तय १९:९, पत्नी सोडून दुसरी केली तर व्यभिचार. तुमच्या प्रॉटेस्टंट कमिट्यांत घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलेले किती आहेत हो? आमच्याकडे असल्यांना सहसा कम्युनिअन मिळत नाही म्हणून आमच्यावर हसता.

जुना_करार
आहेत. आमच्याच कमिटीत दोघे आहेत, त्यातला एक खजिनदार. पण ताई, यावरून तुम्ही दार सगळ्यांना मोकळं करायचं म्हणता. माझ्या लेखी त्या दोघांनीही उतरायला हवं. येत्या वार्षिक सभेत मी ते मांडणार आहे.

बेरकी_बाय
खजिनदाराला हात लावून बघा. मग कळेल मंडळीत कोणाचं स्वागत कुठपर्यंत आहे ते.