मदत हवी आहे: १९३६ सालच्या वैमानिक स्त्रीवर लघुपट, विमान न उडवता उड्डाण कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

सरला ठकराल यांच्या पहिल्या एकट्याच्या उड्डाणावर बारा-पंधरा मिनिटांचा लघुपट करतोय. संहिता तयार आहे, अभिनेत्री ठरली आहे, मित्रमंडळी बिनपैशाने राबायला तयार आहेत. हातात रोख दीड लाख. गाडी अडली आहे ती विमानापाशी. सेट, ध्वनी, वेशभूषा, जुनी विमानं यातलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सरलाबाईंनी लाहोरमध्ये साडी नेसून जिप्सी मॉथ हे वर-खाली दोन पंखांचं छोटं विमान एकटीने उडवलं. घरात चार वर्षांची मुलगी. पती पी. डी. शर्मा स्वतः टपालविमानाचे वैमानिक, कराची-लाहोर मार्गावर उडणारे. 'ए' (खासगी उड्डाणाचा) परवाना मिळाल्यावरही त्या थांबल्या नाहीत, लाहोरच्या फ्लाइंग क्लबच्या विमानांवर त्यांनी हजार तास पूर्ण केले. १९३९ साली पती विमान अपघातात गेले. व्यावसायिक परवान्यासाठी त्या जोधपूरला शिकायला गेल्या, तर महायुद्धामुळे नागरी प्रशिक्षणच बंद पडलं. मग लाहोरला परतून मेयो स्कूलमध्ये कलाशिक्षण घेतलं, आणि पुढचं आयुष्य दागिने आणि कापडाच्या नक्षीकामात गेलं.

या सगळ्याचा चरित्रपट मला करायचा नाही. मला ते एकच उड्डाण हवंय. त्यांच्याबद्दल जिथे तिथे 'साडी नेसून विमान उडवलं' एवढंच येतं आणि त्यांना ते यंत्र चालवता येत होतं ही गोष्ट मागे पडते. प्रेक्षकाला त्यांचे हात आणि पाय काम करताना दिसले पाहिजेत. 'भारतातली पहिली' ही पाटीही मी लावणार नाही, कारण उर्मिला पारीख यांना १९३२ सालीच वैमानिक परवाना मिळाला होता.

आता मुख्य अडचण. जिप्सी मॉथमध्ये एकामागे एक दोन उघडी कॉकपिट असतात. एकटं उडताना वैमानिक मागच्या कॉकपिटमध्ये बसतो, कारण पुढची जागा विमानाच्या तोलाच्या मध्याजवळ असते आणि तिथलं वजन कमी-जास्त झालं तरी फारसं बिघडत नाही. म्हणजे बाईंच्या अगदी डोळ्यांसमोर शिक्षकाची रिकामी जागा. शिक्षकाचा आवाज ज्या रबरी नळीतून कानात यायचा, ती नळी आज मुकी आहे. माझ्या मते या लघुपटातली सगळ्यात महत्त्वाची चौकट हीच, आणि तिच्यासाठी अख्खं विमान लागत नाही. मागचं कॉकपिट, पुढच्याची मागची कड, दोन छोट्या काचा, वरच्या पंखाचा मधला तुकडा आणि त्याला धरणारे दांडे एवढं पुरेल. या विमानाचा मूळ सांगाडाच लाकूड आणि प्लायवूडचा होता, त्यामुळे सुताराचं काम खोटं वाटणार नाही.

हा सांगाडा आम्ही उंच मचाणावर उघड्या आकाशाखाली ठेवणार आहोत. ग्रीन स्क्रीन मला नको. त्या प्रकाशात चेहरा मेल्यासारखा दिसतो आणि नंतर आकाश चिकटवायला लागणारा पैसाही नाही. पण विमान वळलं की चेहऱ्यावरची सावली सरकते, ती कशी सरकवायची? मचाणाला खाली चाकं लावून सगळंच हळूहळू फिरवावं, की सांगाडा स्थिर ठेवून पंखाचा तुकडा तेवढा हलवावा? आणि कॅमेरा सांगाड्यालाच पक्का बांधावा की वेगळा हातात धरावा? बांधला तर थरथर दिसणार नाही, फक्त मागचं आकाश हलेल. मला तेच जास्त खरं वाटतं, पण ज्यांनी असं काही शूट केलंय त्यांचं मत हवंय.

जमिनीवरच्या दृश्यात इंजिन सुरू करण्याचा विधी पूर्ण दाखवायचा आहे. स्विच बंद, एक माणूस विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने काही वेळा फिरवतो, मग 'कॉन्टॅक्ट' अशी हाक, आतून तीच हाक परत, स्विच चालू, एक हिसका, आणि तो माणूस पटकन मागे सरतो. चाकांखालचे ठोकळे दोरीने ओढले जातात. हे सगळं मी पंखा आणि बोटं एवढ्यावर, जवळून घेईन. त्यासाठी लाकडी पंखा लागेल. सजावटीसाठी विकायला असतात ते जाडीला आणि पिळाला बरोबर असतात का? इंजिन अर्थातच नाही, पण नाकाचा आकार चुकायला नको. टायगर मॉथ या तशाच दिसणाऱ्या विमानाचे फोटो बघून बनवू नका असं एका ज्येष्ठाने बजावलं आहे, कारण त्यात इंजिन उलटं बसवलेलं असतं आणि जिप्सी मॉथमध्ये सिलिंडर वर आलेले दिसतात.

ध्वनीबद्दल सगळ्यात जास्त मदत हवी आहे. उतरताना इंजिनची गती पार खाली आणून विमान तरंगत खाली येतं. त्या वेळी गडगडाट जाऊन दोन पंखांमधल्या तारांतून वाऱ्याचा सूं सूं आवाज ऐकू येतो. नाकामुळे समोरचं दिसत नाही म्हणून मान बाहेर काढून बघावं लागतं. ब्रेक नाहीत. शेपटीखालचा दांडा गवतात घासत विमान थांबतं. हा सगळा भाग मला संगीताशिवाय ठेवायचा आहे. तारांचा आवाज कसा मिळवावा? पोलादी तार ताणून तिच्यावर मोठ्या पंख्याचा वारा सोडावा आणि तारेलाच माइक चिकटवावा असं डोक्यात आहे. कुणी केलंय का? आणि त्या काळच्या चार सिलिंडरच्या इंजिनचा आवाज परवानगीसह वापरता येईल असा कुठे मिळेल?

साडीचं. त्या काळची नेसण, पोलक्याची बाही आणि गळा याबद्दल जाणकार स्त्रियांनी सांगावं. पायाखालच्या आडव्या रडर बारवर (शेपटीचं सुकाणू फिरवणाऱ्या दांड्यावर) दोन्ही पाय सतत मागेपुढे होतात, म्हणजे निऱ्या कुठेतरी आवरून धराव्याच लागत असणार. पदर खांद्यावर पिन करून कमरेत खोचायचा विचार आहे. सेटवर मोठा पंखा असेल, त्यामुळे सैल पदर धोक्याचाही आहे.

जागेसाठी पंजाबसारखं सपाट रान आणि गव्हाची शेतं हवीत. आमच्याकडे कुठेही कॅमेरा लावला तरी क्षितिजावर डोंगर डोकावतोच. खानदेशात तापीकाठी फेब्रुवारीत सलग गहू दिसेल का? तिथलं कुणी असेल तर जरूर कळवा.

कायद्याचा एक प्रश्न आहे. त्यांचा जो फोटो सगळीकडे फिरतो तो शेवटी दाखवावासा वाटतो. आपल्याकडे फोटोचा हक्क आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो; तो संपला असला, तरी त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय मी नाव आणि फोटो दोन्ही वापरणार नाही. अशी परवानगी मागताना संहिता सोबत पाठवावी की आधी फक्त पत्र?

सुतार पुढच्या आठवड्यात कामाला बसतोय. त्यामुळे कॉकपिटची रुंदी, बसण्याची उंची आणि समोरच्या तबकड्यांची मांडणी कुणाला सांगता आली तर ते कृपया आधी सांगा, बाकीचं सवडीने चालेल.